हिरडीवरची रेघ

निकालात माझं एक वाक्य होतं. वामनराव वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला, टाइप केलेला कागद खिडकीच्या उजेडात डोळ्यांजवळ धरला आणि इंग्रजीचं मराठी करीत, मधेच ‘म्हणजे असं बघा’ म्हणत ते वाचीत गेले. मी मांडीवरच्या ठकीला थोपटत होते. ठकी चौदा महिन्यांची, तिला वकिलांच्या टेबलावरचा काचेचा गोळा हवा होता. माझं अर्धं लक्ष तिच्या मुठीत, अर्धं कागदात. कलमांचे आकडे, तारखा, छापखान्याच्या मालकांचं म्हणणं, आमचं म्हणणं. आणि मग ते आलं. अर्जदाराची पत्नी, जी शिकलेली व समजूतदार दिसते, तिने आपण होऊन सांगितले की, अर्जदार रोज दोन वेळा घरी केलेल्या राखुंडीने दात घासतो. सबब अर्जदाराच्या हिरड्यांवरील काळसर रेघ शिशाच्या विषाचीच आहे असे म्हणता येत नाही. वकील पुढं वाचतच होते. पोटाचं दुखणं जुनं, छापखान्यात लागण्याच्या आधीपासूनचं. हातांची दुर्बलता कशानं आली ते सिद्ध नाही. म्हणून भरपाईचा अर्ज नामंजूर. ते सगळं माझ्या कानांवरून वाहून गेलं. शिकलेली व समजूतदार. भिवापूरच्या शाळेत मी सहावीपर्यंत शिकले, पण असं कुणी कधी लिहून दिलं नव्हतं. क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. आणि लगेच कानशिलं अशी तापली की ठकीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. कारण ते वाक्य खोटं होतं.

हे शेजारच्या खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात उपरण्याखाली झाकून. बाहेर पडताना मीच तसं उपरणं घालून देते. मनगटापासून खाली त्यांचे पंजे आता लोंबतात, पाणी निथळायला धरल्यासारखे, आणि लोक आधी हातांकडे बघतात, मग तोंडाकडे, मग दुसरीकडेच कुठंतरी. वाक्य वाचलं गेलं तेव्हा मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. वकिलांनी कागद खाली ठेवला. “म्हणजे असं बघा, कृष्णकांतराव, दुखणं जुनं आहे याचं मला काही वाटत नाही. जुनं दुखणं कामानं वाढलं, तरी कायद्यात आपल्याला जागा आहे. पण ते शिशानं वाढलं, हे दिसलं पाहिजे. आणि डोळ्यांना दिसणारी एकच गोष्ट, ती रेघ. तीच त्यांनी राखुंडीच्या नावावर लिहून टाकली. अपिलाला साठ दिवस असतात, त्यातले बावीस गेले. हायकोर्ट सहसा नवा पुरावा घेत नाही. पण या एका मुद्द्यावर काही निराळं सांगता आलं, तर फेरतपासणीसाठी प्रकरण परत पाठवा असं म्हणता येईल.” मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सरळ विचारलं, “राखुंडी खरंच वापरत होता का?” प्रश्न यांना होता, पण तो माझ्याच छातीवर येऊन बसला. मी तोंड उघडलं. ठकीच्या टाळूवर हात ठेवला. शब्द जिभेपर्यंत आला होता, शपथ. आणि हे म्हणाले, “हो. वापरत होतो.”

सीताबर्डीवरून महालातल्या घरापर्यंत आम्ही चालत आलो. हे दोन पावलं पुढं, मी मागं, ठकी खांद्यावर झोपलेली. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं. रागानं सांगितलं असतं तर मला सोसलं असतं. पण त्यांनी ते अशा आवाजात सांगितलं होतं, जसं पाहुण्यांपुढं बायकोच्या हातून वरणात मीठ जास्त पडलं की नवरा म्हणतो, मलाच खारट आवडतं.

कोर्टानं सांगितलेल्या तपासणीचा दिवस मला इतका स्वच्छ आठवतो की त्यात काही विसरायला सापडतच नाही. दवाखान्यातली लांब खोली, फिनेलचा वास, भाद्रपदातलं ऊन. डॉक्टर मद्रासी होते, बुटके, फार सभ्य. हिंदी हळूहळू बोलायचे. एका बाजूला कारकून लिहायला बसलेला. त्यांनी हात तपासले, पोट दाबलं, आणि मग म्हणाले, “मुँह खोलिए.” यांनी उघडलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा म्हटलं, तेव्हा उघडलं, जेमतेम. डॉक्टर वाकले, आणि किंचित मागं सरले. किती? बोटभर. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. मला दिसलं. त्या वासाला मी ओळखत होते. न कल्हई केलेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, तसा तो वास, गोड आणि धातूचा. “दाँत किससे साफ करते हैं?” डॉक्टरांनी विचारलं. आता कळतं की तो वैद्याचा प्रश्न होता. त्यात तुच्छता नव्हती, काही नव्हतं. पण मला ऐकू आलं ते वेगळंच. मला ऐकू आलं की, बाई, तुमच्या घरात माणसं तोंड धूत नाहीत का. आणि हे काही बोलायच्या आत मीच पुढं झाले. “राखुंडीसे, साहब. रोज. दो बार.” एवढ्यावर थांबले असते तरी. पण जीभ सुटली होती. घर में मैं खुद बनाती हूँ, बदामाची टरफलं जाळून, त्यात फिटकरी, कापूर, सेंधा नमक, कपड़े से छानके. कारकुनाची लेखणी माझ्यामागून धावत होती. डॉक्टरांनी मान वर केली. “हर रोज? बीमारी में भी?” त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, ते मला परतायला वाट देत होते, असं आता वाटतं. “हर रोज,” मी म्हटलं. हे उघड्या तोंडानं माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी तोंड मिटलं.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “बदामाची टरफलं? आणि राखुंडी तू करते? माझे हात काळे होऊन राहिले वीस वर्षं, अन् सायबापुढं नाव तुझं!” आणि मी हसले होते. तेव्हा निकाल लागायचा होता. हसता येत होतं.

खरं असं होतं की ज्येष्ठापासून यांनी दात घासलेच नव्हते. हिरड्या सुजल्या होत्या, बोट लावलं की कळ डोळ्यांत जायची, आणि हात तर वरच येईना. मी त्यांना जेवू घालत होते. आंघोळ घालत होते, धोतर नेसवून देत होते, दाढीला न्हाव्याला घरी बोलवत होते. सगळं केलं. फक्त तोंडात हात घातला नाही. एकदा पाण्यात फडकं भिजवून घेऊन गेले, तर त्यांनी ओठ मिटून मान वळवली, लहान मुलासारखी. “राहू दे,” म्हणाले. मी राहू दिलं. ठकी औषधाला असंच तोंड मिटते, तेव्हा मी तिचे गाल धरून चमचा आत सरकवतेच ना? तेव्हा मी ‘राहू दे’ ऐकते का? त्या दिवशी मी फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि मनातल्या मनात सुटले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घास भरवताना मी श्वास धरायची. घास तोंडात गेला की सोडायची. त्यांच्या लक्षात आलं असणार. कारण पुढं पुढं ते घास घेताना स्वतःच मान थोडी बाजूला करायचे, मला वास येऊ नये म्हणून.

लग्नाला चार वर्षं झाली. त्यांच्या घराण्यात आजोबा भोसल्यांच्या दफ्तरात होते, वडील कचेरीत. हेच एक मॅट्रिकला पोटाच्या दुखण्यानं घरी बसले आणि मग भैयाजींच्या छापखान्यात कंपॉझिटर म्हणून लागले. सासूबाई बाहेर सांगताना ‘छापखान्यात असतो’ एवढंच सांगत, जणू मॅनेजर आहेत. मलाही आधी ते काम कळलं नव्हतं. शिशाची अक्षरं, त्यांना ते खिळे म्हणायचे, लाकडी खणांतून उचलून एकापुढं एक जुळवायचे; उलटी अक्षरं, उलट्या ओळी, आणि हे त्या आपण सुलट्या वाचतो तितक्या सहज वाचायचे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, दुपारी माजघरात मी पालथी पडून वाचत होते, तर त्यांनी माझ्या पाठीवर ती खणांची पेटी आखून दाखवली. “हे बघ, काना सर्वांत मोठ्या खणात, मधोमध, कारण तो सारखा लागतो. हा क. हा त इथं. ङ त्या तिकडं, खांद्यापाशी, त्याच्याकडं कोणी जातच नाही, बिचारा.” त्यांची बोटं न बघता जायची, थांबायची, उचलायची. मग त्यांनी माझ्या पाठीवर एक शब्द जुळवला आणि म्हणाले, ओळख. मी ओळखू शकले नाही. खण पाठ नव्हते ना. काय होता, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, पेटी पाठ कर, मग कळेल. मी केली नाही. आता ती बोटं पाठीवर आली तरी नुसती पडून राहतात.

दोन वर्षांपूर्वी भैयाजींनी झिजलेले खिळे वितळवायची भट्टी बाहेरच्या पडवीतून आत आणली, जुळणीच्या खोलीत, पावसात कोळसा भिजतो म्हणून. पाऊस गेला, भट्टी राहिली. तेव्हापासून यांचं पोट जे वर्षातून एकदोनदा धरायचं ते आठवड्याला धरू लागलं. आधी ओव्याचा अर्क, मग एनिमा, मग देवीची ओटी. यांचे कपडे मी अंगणात झटकायची तेव्हा करडी धूळ उडायची, जड, पटकन खाली बसणारी. ठकी तेव्हा पोटात होती. मी त्या धुळीवर अनवाणी उभी राहायची, आणि गुणगुणायची.

वकिलांनी निकाल वाचून दाखवल्यावर चौथ्या दिवशी रुपराव आला. तो छापखान्यात यांच्याच शेजारच्या पेटीवर काम करतो. मोठ्या तोंडाचा, हसरा. हे आत निजले होते. तो ओट्यावर टेकला आणि मी दिलेलं पाणी त्यानं एका घोटात संपवलं. “वहिनी, हे काय आयकून राहिलो मी? राखुंडीनं केस हरली म्हणे!” मी रिकामं भांडं उचललं. “राखुंडीनं शिसं होते, तर भैयाजी मूर्खच म्हना. कलकत्त्याहून टाइप मागवते. इथं गोवऱ्या जाळ, खिळे पाड!” स्वतःच्याच विनोदावर तो हसला, मग आवाज खाली आणला. “भट्टी हलवली बरं का. मांगं, चिंचेखाली. म्हणते कसा, कामगाराले हवा पाह्यजे. दोन साल नाही सुचली हवा. कोर्टात अर्ज गेला अन् तिसऱ्या दिवशी सुचली.” मी म्हटलं, हे कोर्टात सांगाल का? त्यानं गांधी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मी सांगतलं त उद्या माह्या पेटीवर दुसरा उभा राहीन, वहिनी. चार लेकरं आहेत. बुरा नका मानू.” आणि मग, जायला उठता उठता, त्यानं एकदम वाकून खालचा ओठ बोटानं ओढला. “पाहा बरं. मले आरशात नीट दिसत नाही. आहे का काही?” होती. दातांच्या मुळाशी, केसाएवढी, निळसर. “मी त निंबाची काडी चावतो,” तो म्हणाला, ओठ सोडून. “राखुंडी मले चालत नाही, ठसका लागते. मंग हे कशाचं म्हनतील? पानाचं म्हनतील.” तो हसतच गेला. मी ओट्यावर तशीच उभी राहिले. माझ्या एका वाक्यात आता रुपरावाचंही तोंड होतं. आणखी किती जणांचं, कोण जाणे.

भिवापूरला तिसरीत असताना शाळेत डोकी तपासायला बाई आल्या होत्या. माझ्या केसांत ऊ सापडली. आईला बोलावणं गेलं. मिरच्या खुडायचे दिवस, तिचे हात लाल, डोळे चुरचुरलेले, तशीच आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “आमच्या घरची नाही ती. ही त्या शेवंतीजवळ बसते.” शेवंती तिथंच होती. ती वेणीचं टोक तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली. ऊ आमच्याच घरची होती. आईनं आदल्या रविवारी स्वतः फणीनं काढल्या होत्या. घरी येताना मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, “अगं, लोकांचं बघणं वाईट असतं. आपलं घर आपण झाकावं.” त्या वेळी मला ते शहाणपण वाटलं. आईचा अभिमान वाटला. मग शेवंतीचं डोकं भादरलं. ही गोष्ट इतकी वर्षं आठवली नव्हती; आता घरात केर काढताना, ठकीला पाजताना, सारखी शेवंती दिसते, वेणी तोंडात धरलेली. ती माझ्याकडे जशी बघत होती तसेच हे बघत होते, त्या दवाखान्यात, उघड्या तोंडानं.

सोमवारी दुपारी, सासूबाई कीर्तनाला गेल्या असताना, मी ठकीला काखेत मारून एकटीच वामनरावांकडे गेले. मनात सगळं पाठ करून गेले होते आणि तिथं एकदम उलटंच निघालं. “मी हिरड्या पाहिल्याच नाहीत हो,” मी म्हटलं, आणि रडू आलं. ते थांबले. त्यांच्या घरातून कुणीतरी पाणी आणून ठेवलं. मग मी सांगितलं. ज्येष्ठापासूनचं, फडक्याचं, डॉक्टरांचं. वकिलांनी दौतीत टाक बुडवला आणि तसाच धरून ठेवला. “बाई, हे तेव्हा बोलला असता तर…” मग स्वतःच मान हलवली. “बरं, ते जाऊ द्या. सोपी वाट आहे. डॉक्टरांचं हिंदी तुम्हाला कळलं नाही, असं लिहू. बायकांना नाही कळत. कोण खोदून विचारणार?” मी ठकीकडे बघितलं. किती सोपं होतं. डॉक्टर कुठले कोण, मद्रासचे. त्यांचं हिंदी तोडकं. पुन्हा माझी शेवंती तयारच होती. “कळलं होतं,” मी म्हटलं. “चांगलं कळलं होतं.” वकिलांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. “मग ऐकून घ्या. खरं लिहिलंत तर त्यांचा वकील उभा राहील आणि म्हणेल, ही बाई काल खोटं बोलली, आज खरं बोलते कशावरून? सोलून काढतील तुम्हाला, भर कोर्टात. तुमच्या यजमानांचं तोंड, तुमची मोरी, सगळं. आणि मागल्या वेळी ते माझ्यासमोर हो म्हणाले, ते त्यांनाही शपथेवर मागं घ्यावं लागेल; त्याशिवाय मला हे कोर्टापुढं ठेवता येणार नाही. आधी घरी विचारा.”

विचारलं. दुसऱ्या दिवशीची दुपार होती, ठकी झोळीत निजली होती, झोळीची दोरी मी पायाच्या अंगठ्यात धरली होती आणि त्यांना भरवत होते. दहीभात. सांगून झालं तेव्हा त्यांनी पुढचा घास घेतला नाही. “लिहू नको,” ते म्हणाले. मी म्हटलं, अपील जाईल. “जाऊ दे.” मी अंगठ्यानं दोरी ओढली, झोळी कुरकुरली. “माझे हात गेले, ते सगळ्यांनी पाहिलं. रुपराव पाहतो, न्हावी पाहतो. त्याचं आता काही वाटत नाही. पण हे… चार महिने कृष्णकांतचं तोंड… हे कागदावर लिहून, शिक्का मारून? मी आयुष्यभर लोकांचे कागद जुळवले. एकदा जुळलं की ते राहतं. पुसलं जात नाही.” मी म्हटलं, “तुमचं नाही, माझं लिहायचं आहे. मी घासून दिले नाहीत, हे लिहायचं आहे.” त्यावर त्यांनी मान वर केली. डोळे भरले होते, आणि पुसायला हात नव्हता. मी पदर पुढं केला तर त्यांनी मान मागं घेतली. “तुले माहीत नाही,” ते म्हणाले. एरवी ते माझ्याशी शुद्ध बोलतात. फार आतून आलं की आईची बोली येते. “त्या दिवशी तू बोलली ना, राखुंडीनं रोज घासते म्हणून… मले बरं वाटलं होतं. मी बसलो होतो तिथं, घाण माणूस. अन् तू म्हटलं, बदामाची टरफलं. मले वाटलं, हिच्या मनात अजून मी तसा आहे.”

दहीभात ताटात सुकत होता. त्यांच्यासाठी मी बोलले नव्हते. त्यांना वाटत होतं तसं ते नव्हतं. मी माझ्यासाठी बोलले होते, माझ्या मोरीसाठी, माझ्या पदरासाठी, त्या बोटभर मागं सरलेल्या साहेबासाठी. आणि तेच वाक्य ते इतके दिवस जवळ बाळगून बसले होते, माझी माया म्हणून. ते खोटं ठरवायचं तर अपिलाच्या आधी हेच मोडायचं होतं. मोडू नये असं फार वाटलं. संसारात एवढं एक खोटं राहिलं तर काय झालं? पण ते खोटं त्यांच्या हातांवर बसलं होतं. मी म्हटलं, “मी लाजले होते. तुमची लाज वाटली होती मला.” त्यांनी ते ऐकलं. मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. “तुझं तू पाहा,” एवढंच.

सासूबाई तीन दिवस बोलत होत्या. “काहून वं, माझ्या लेकाचं तोंड घाण होतं असं सरकारात लिहून देशील? सासरचं नाव काढशील की नाही! राखुंडी तू करते म्हणून लिहिलं, आता म्हणे घासतच नव्हते. उद्या म्हणशील, जेवत पण नव्हते.” चौथ्या दिवशी, मी निघाले तेव्हा मात्र त्यांनी ठकीला माझ्या काखेतून काढून घेतलं. “कोर्टात लेकरू नेऊ नको. नजर लागते,” म्हणाल्या, आणि आत गेल्या.

शपथ घ्यायची ती एका लांब व्हरांड्यात. समोर नव्या हायकोर्टाच्या इमारतीचं काम चाललं होतं, दगडांवर छिन्न्यांचा सतत आवाज. टेबलामागं शपथ देणारे गृहस्थ, त्यांच्या बाजूला कारकून. आजूबाजूला बाकांवर माणसं, पान खाणारी, आपापले कागद धरून बसलेली. हे आले होते. त्यांना यायलाच हवं होतं, मागचं म्हणणं मागं घ्यायला. खांबापाशी उभे होते, उपरणं हातांवर. सकाळी मी ते घालून देताना ते माझ्याकडे बघत नव्हते. प्रतिज्ञापत्र वाचून दाखवावं लागतं. कारकून मोठ्या आवाजात, भराभर, जमिनीचा उतारा वाचावा तसं वाचू लागला. माझे पती यांचे मनगट उचलत नसल्यामुळे व हिरड्या दुखत असल्यामुळे ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत त्यांनी दात घासले नव्हते. मीही घासून दिले नव्हते. ही ओळ नको, असं वामनराव म्हणाले होते. कायद्याला तिची गरज नाही. मी म्हटलं, राहू द्या. तपासणीचे वेळी डॉक्टरसाहेबांनी दोनदा विचारले असता मी लाजेस्तव खोटे सांगितले. बाकावर कुणीतरी खाकरलं. कुणीतरी ‘अरे रे’ म्हणालं, आणि एक बाई माझ्याकडे नीट बघता यावं म्हणून पुढं सरकली. “हे खरं आहे?” टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं. छिन्न्या चालल्या होत्या. मी मान हलवली. “मान नाही. बोलावं लागतं बाई.” “खरं आहे,” मी म्हटलं. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. वाटलं नाही. नुसतं उघडी पडल्यासारखं वाटलं, आणि ते तसंच राहिलं. मग त्या गृहस्थांनी यांना हाक मारली, आणि हे खांबापासून टेबलापर्यंत आले, आणि विचारल्यावर म्हणाले, “मी वकिलांना सांगितलं ते खरं नव्हतं.” का सांगितलं, ते कुणी विचारलं नाही.

अपील दाखल झालं. फेरतपासणीची मागणी मंजूर होईल की नाही, ते अजून ठरायचं होतं, पण वामनरावांनी सांगितलं, तयारीत राहा. आजपासून रोज सकाळी तोंड स्वच्छ करा, साधं पाणी आणि पांढरं फडकं, राखुंडीचा कणसुद्धा नको. वरवरचं काळं असेल तर महिन्याभरात उतरेल. शिशाचं असेल तर जाणार नाही. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते बोलतच नव्हते. घास घेत, पाणी घेत. ठकी मांडीवर चढली तर तिच्या केसांवर हनुवटी ठेवत. पण मला एक शब्द नाही. दुसऱ्या सकाळी मी तांब्या आणि फडकं घेऊन मोरीपाशी बसले आणि वाट बघितली. ते आले. पाटावर बसले. ओठ मिटलेलेच. मी त्यांचे गाल धरले, ठकीचे धरते तसे, आणि ओठ उघडले. फडकं बोटाला गुंडाळून मी पहिल्यांदा आत गेले. किती मऊ होतं सगळं, किती गरम. त्यांना कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं, पण मान हलवली नाही. मी श्वास धरला नव्हता. वास होताच, पण जवळून तो निराळा होता, नुसता एका माणसाच्या आतला.

रोज तेच. फडक्यावर आधी तपकिरी यायचं, मग पिवळट, मग रक्ताचा ठिपका, मग नुसतं पाणी. दात पांढरे होत गेले. सुजलेल्या हिरड्या जरा बसल्या. आणि रोज मी अंगणातल्या उजेडाकडे त्यांचं तोंड वळवून आत बघायची, काय बघायला, ते मनात नीट म्हणायचीसुद्धा नाही. कुठली बायको आपल्या नवऱ्याच्या तोंडात विष राहावं म्हणून सकाळी उठते? देवापुढं दिवा लावताना काय मागू ते कळेना. जे मागायचं ते जिभेवर घेववेना. अकराव्या दिवशी फडकं कोरंच्या कोरं निघालं, पाण्यात काही उतरलं नाही. मी बोट बाहेर काढलं. त्यांचा ओठ अजून माझ्या अंगठ्याखाली होता.

“आहे का?” त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांनी पहिला शब्द. मी ओठ थोडा खाली ओढला. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या आत, निळसर, बारीक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काही म्हणजे काही पुसलं गेलं नव्हतं. माझ्या छातीत आनंदच झाला, दुसरं काही म्हणता येत नाही, आणि तो त्यांना दिसू नये म्हणून मी खाली तांब्याकडे बघितलं.

“आहे,” मी म्हटलं. “तशीच आहे.”

त्यांनी उजेडाकडे मान वळवली.

“नीट बघ,” म्हणाले, आणि माझ्या बोटासाठी आपणहून तोंड उघडलं.